लंगड्या चकतीचे मिस्त्री

या लेखात मी ज्या गृहस्थांविषयी लिहिणार आहे, त्यांचे नाव देत नाही. नाव, वडिलांचे नाव, वय, धंदा, राहणार कोठे, हे सर्व अर्जाच्या पहिल्या दोन ओळींत घालण्याची मला वीस वर्षांची सवय आहे. आणि त्या दोन ओळींत माणूस कधी सापडत नाही, हेही मला तितक्याच वर्षांत कळून चुकले आहे. जुन्या जालन्यात, मस्तगडाच्या बाजूला, त्यांना सगळे ‘मिस्त्री’ म्हणत. मीही तेच म्हणतो. ते आता हयात नाहीत. असते तर या लेखावर त्यांनी हरकत घेतली असती, कारण माझ्या लिहिण्यावर हरकत घेणारे साऱ्या तालुक्यात ते एकटेच निघाले.

माझ्याविषयी थोडक्यात सांगणे भाग आहे. तहसील कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली, अर्ज लिहून देण्याचे माझे टेबल आहे. माझे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूत सुरू झाले. राज्य बदलले, तशी शाळेची भाषा बदलली, आणि या बदलाबदलीत माझी शाळा सातवीच्या अलीकडेच आटोपली. तथापि मंठ्याची माणसेसुद्धा जवळची कचेरी सोडून माझ्याकडे अर्ज लिहवून घ्यायला येत, यावरून काय ते समजावे. माझ्या अर्जात खाडाखोड नसते. शिरस्तेदार अक्षर पाहूनच म्हणतात, ‘हा निंबाखालचा आहे.’

मिस्त्रींचा आणि माझा परिचय माझ्या सायकलीमुळे झाला. एके दिवशी मी कचेरीत शिरत असता एक उंच, किडकिडीत, काळा कोट घातलेला म्हातारा वाटेत आडवा उभा राहिला. सलाम नाही, नमस्कार नाही. कोटाच्या खिशातून तेलाची लहान कुपी काढून ते सरळ सायकलीपाशी बसले आणि साखळीवर थेंब सोडू लागले.

“अहो, हे काय?” मी विचारले.

“वेशीपासून ऐकून राह्यलो,” मान वर न करता ते म्हणाले. “कुरकुर करून राह्यली बिचारी. तुम्हाला ऐकू येत न्हाई का?”

“मला कामे असतात.”

“कामं कानाला असत्यात का?”

साखळी फिरवून, तिला कान लावून, ते उठले आणि फक्त एक शब्द बोलले, “बसलं.” हा त्यांचा खास शब्द. काम ‘झाले’ असे ते कधी म्हणत नसत. झालेले काम उद्या बिघडते, बसलेले काम बसते, असा त्यांचा हिशेब होता.

ते रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते आणि तेथून निवृत्त होऊन गावी परतले होते. पस्तीस वर्षे वाफेच्या इंजिनांपाशी काढल्यामुळे माणसांचे बोलणे त्यांना कमी ऐकू येई, यंत्रांचे मात्र जास्त. आमच्या तहसीलदार साहेबांचा पंखा त्यांनी निंबाखाली बसून ओळखला होता. “साहेबाचा पंखा दोन दिवसांचा सोबती हाय,” असे ते मला म्हणाले. तिसऱ्या दिवशी पंखा बंद पडला, आणि शिपायाला मिस्त्रींचाच संशय आला. मलाच मध्ये पडून शिपायाची समजूत घालावी लागली.

गाडीने प्रवास करायचा, तर इंजिनामागच्या पहिल्याच डब्यात बसायचे, असा त्यांचा नेम होता. एकदा भाचीच्या लग्नाला पती-पत्नी नांदेडला निघाले. परतूर स्टेशनवर गाडी उभी राहताच मिस्त्री खाली उतरून इंजिनापाशी गेले. ड्रायव्हरला म्हणाले, “उजव्या बाजूचा ठोका मागं पडून राह्यला.” ड्रायव्हर जुना माणूस होता. तो म्हणाला, “माहीत हाय चाचा. शेडला सांगितलंय.” त्यावर मिस्त्री म्हणाले, “सांगितलं म्हंजे बसलं का?” हा वाद रंगला, शिट्टी झाली, आणि गाडी सुटली. मिस्त्री फलाटावर डोळे मिटून ठोके ऐकत उभे राहिले. ठोके ऐकू येईनासे झाले, तेव्हा त्यांना आठवले की आपली बायको गाडीत आहे.

पुढची हकीकत मला त्यांच्या पत्नीने, म्हणजे भाभींनी, सांगितली. “निकाह झाला, जेवणं झाली, मंग हे आले. आन आल्याबराबर काय इचारलं, माहीत हाय? म्हणले, गाडी इथपर्यंत बराबर आली का?”

अशा माणसाने निवृत्तीनंतर स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. त्यांनी घराच्या ओसरीत हातभर लांबीचे वाफेचे इंजिन करायला घेतले. शोभेचे नव्हे, खऱ्या पाण्यावर, खऱ्या वाफेवर, स्वतःच्या रुळावर धावणारे. तांब्याच्या नळीचा बॉयलर, त्याखाली स्पिरिटचा दिवा, पितळेचे दोन सिलिंडर. हत्यारे म्हणाल तर एक पेटीभर कानशी, एक हातड्रिल आणि एक व्हाइस. मी दर रविवारी जाऊन बसत असे, आणि विद्येची मला जात्याच गोडी असल्यामुळे त्यातील मर्म मला बरेच समजले. ते येथे सांगतो.

वाफ सिलिंडरात एकदा पुढून सोडायची, एकदा मागून, तेव्हा दट्ट्या मागे-पुढे होतो आणि चाक फिरते. वाफ केव्हा कोठून सोडायची, हे ठरवणारी एक झडप असते, आणि त्या झडपेला हलवणारी एक चकती चाकाच्या आसावर असते. या चकतीचे भोक मध्यभागी नसते, एका बाजूला असते. म्हणून ती फिरताना लंगडते. कारखान्यात तिला एक्सेंट्रिक म्हणतात. मिस्त्री तिला ‘लंगडी’ म्हणत. मोठ्या इंजिनात गाडी उलटी न्यायला दांडे आणि कळा यांचे मोठे जंजाळ असते. मिस्त्रींच्या इंजिनात तसे काही नव्हते. त्यांनी लंगडी आसावर सैलच ठेवली होती. तिच्या शेजारी आसाला घट्ट बसवलेली एक कडी, आणि त्या कडीला एक दात. आस फिरला की दात लंगडीला ढकलत नेई.

“आणि उलटं जायचं तर?” मी विचारले होते.

“घाण्याचा बैल पाह्यला का, मुन्शीजी?” ते मला मुन्शीजी म्हणत. “बैल उलटा फिरवला, तर घाणा लगेच फिरत न्हाई. दोर ताणला जाईपर्यंत बैल मोकळाच चालतो. तसं हे. गाडी हातानं जराशी मागं ढकलायची. आस आर्धा फेरा मोकळा फिरतो, लंगडी जागेवर ऱ्हाते. मंग दात तिला दुसऱ्या अंगानं धरतो. आता वाफ उलटी येती, गाडी मागं जाती.”

“म्हणजे हात लावावा लागतो.”

“एकदा. बोटभर. मंग ती आपली चालती.”

सांगायला हे सोपे आहे. बसवायला त्यांना पाच महिने लागले. दात किती रुंद, यावर सगळे अवलंबून होते. मोकळा फेरा बरोबर अर्धा असून भागत नाही. त्याहून किंचित कमी लागतो, कारण दट्ट्या टोकाला पोहोचताना झडप नखभर उघडलेली हवी. मिस्त्री बॉयलरला सायकलचा पंप जोडून हवा भरत, चाक हळूहळू फिरवत, आणि सिलिंडराला कान लावून ‘सुस्स’ आवाज कोठे सुरू होतो ते ऐकत. मग कडी काढून दातावर कानशीचे दोन हात मारत. पुन्हा बसवत. पुन्हा ऐकत. एक हात जास्त पडला की ती कडी गेली. अशा चार कड्या वाया गेल्या. चौथीवर गाडी पुढे घोड्यासारखी धावे आणि मागे म्हशीसारखी चाले.

“चालते तर आहे,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी चहाची बशी खाली ठेवली.

ते दुष्काळाचे दिवस होते. टँकर येई तेव्हा गल्लीत हाणामारी होई. अशात हा माणूस पाणी उकळून हवेत उडवतो, ही वार्ता पसरायला वेळ लागला नाही. एका रविवारी माझ्यासमोरच भाभींनी घागर दाखवली.

“तळ दिसून राह्यला, आन हे इंजिनाला पाजून राह्यले! शेजारीण काय बोलली, ऐकलं का? म्हणली, तुमच्या घरी बाळ झालंय का लोखंडाचं?”

मिस्त्री शांतपणे म्हणाले, “रोज मला प्यायला किती देती तू? दोन तांबे. मी एक पितो. दुसरा माझा हाय. मी पिलो काय, त्याला पाजला काय.”

“आन तहान लागली म्हंजे?”

“तहान लागली म्हंजे कानस मारायची. घाम येतो, तहान इसरती.”

भाभींनी कपाळाला हात लावला. पण त्या दिवसानंतर त्यांनी तिसरा तांब्या काढून ठेवायला सुरुवात केली, हे मी पाहिले आहे. कोठून, ते मी विचारले नाही.

पाचव्या कडीच्या वेळी मिस्त्रींनी मला मनातले सांगितले. गावातल्या एका शाळेला सरकारकडून लेथ मिळाला होता. लोखंड-पितळ फिरवून कातण्याचे ते यंत्र शिकवणारा कोणी मिळेना, म्हणून ते दोन वर्षे ताडपत्रीखाली पडून होते. मिस्त्री रोज सकाळी त्या शाळेच्या खिडकीशी जाऊन उभे राहत.

“मी पाच महिने घासून राह्यलो ती कडी लेथवर अर्ध्या घंट्याचं काम हाय,” ते म्हणाले. “पण कडीचं सोडा. मुन्शीजी, माझे डोळे अजून दोन-चार वर्षं चालत्याल. त्याच्या आत मला त्या लेथवर एकदा उभं ऱ्हायचंय. पोरांना शिकवंन. झाडून काढंन. पण तिथं उभं करा मला.”

मी चौकशी केली. शिकवणाऱ्याला प्रमाणपत्र लागत होते. ते मिस्त्रींपाशी नव्हते. परंतु विशेष कौशल्य प्रत्यक्ष दाखवल्यास प्रमाणपत्राविना नेमणूक करता येईल, अशी एक सवलत नियमांत होती. ती कोणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्या आली. मी अर्ज लिहायला घेतला.

येथे आमच्या धंद्याची एक रीत सांगितली पाहिजे. अधिकारी कोणताही अर्ज वाचताना मनात निम्मे वजा करतो. म्हणून आम्ही आधीच दुप्पट लिहितो, आणि बेरीज-वजाबाकी होऊन शेवटी न्याय होतो. मिस्त्रींच्या अर्जाला मी माझी सर्व विद्या लावली. ‘सदरहू लोहयान मनुष्यस्पर्शाविना, केवळ बाष्पबलाने, अग्रगामी व पश्चाद्गामी होते’, हे वाक्य लिहून झाल्यावर मी लेखणी खाली ठेवून ते दोनदा मनात म्हटले होते. मिस्त्रींना मराठी वाचता येत नव्हते, म्हणून मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. ते त्या वेळी माझ्या टेबलाखाली होते. टेबलाचा पाय डुगडुगत होता, त्याखाली ते पत्र्याची घडी बसवत होते.

“ऐकताय ना?” मी विचारले.

“बसलं,” टेबलाखालून आवाज आला. ते बाहेर आले आणि उर्दूत सही करून गेले.

तपासणीला औरंगाबादहून शिक्षण खात्याचे साहेब आले. मी इस्त्रीचा कोट घालून हजर होतो. शाळेच्या कार्यशाळेत बारा फुटांच्या फळीवर लोखंडी पट्ट्यांचे रूळ, एका कोपऱ्यात ताडपत्रीने झाकलेला लेथ. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाठ केली होती. मुद्दाम केली होती, हे मला कळले. दिवा लावला, वाफ चढली, आणि इंजिन ठोके देत निघाले. हेडमास्तर लहान मुलासारखे टाळ्या वाजवू लागले. टोकाला मिस्त्रींनी वाफेची कळ बंद केली, दोन बोटांनी इंजिन जरासे मागे ढकलले, कळ उघडली. इंजिन मागे निघाले, तितक्याच डौलाने. पाचवी कडी बसली होती.

साहेबांच्या हातात अर्ज होता. “मिस्त्री, तुम्ही हात लावला.”

“लावला साहेब. लावावाच लागतो.”

“इथं तर लिहिलंय, मनुष्यस्पर्शाविना.”

मिस्त्रींनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिले. “मुन्शीजी, हे तुम्ही लिव्हलं?”

मी जवळ जाऊन पुटपुटलो, “म्हणा की आज थोडा बिघाड आहे. नंतर पाहू.”

“बिघाड?” ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की हेडमास्तर दचकले. “माझ्या गाडीत?”

मिस्त्रींनी दाराबाहेर जाऊन दोन विटा आणल्या आणि रुळाचे एक टोक उचलून त्याखाली ठेवल्या. इंजिन पुन्हा सोडले, वाफ जरा कमी करून. ते चढाला लागले, ठोके मंदावले, दम लागल्यासारखे थांबले, आणि स्वतःच्या वजनाने बोटभर मागे घसरले. त्या बोटभर घसरण्यात आतल्या लंगडीने बाजू बदलली. आणि कोणीही हात न लावता इंजिन ठोके देत उलटे खाली आले. साहेब खुर्चीतून उठले.

“वा! म्हणजे अर्ज बरोबरच आहे!”

मी सुटकेचा श्वास टाकला. एक कोर्टकज्जा जिंकल्यासारखे मला वाटले.

“न्हाई साहेब,” मिस्त्री म्हणाले. “अर्ज चूक हाय. हे चढाचं काम हाय, गाडीचं न्हाई. इटा काढा, मंग हात लागतोच.”

“अहो मिस्त्री!” हेडमास्तर कळवळून म्हणाले. “साहेब बरोबर म्हणताहेत, तर तुम्ही कशाला...”

“उद्या इथं पोरं इचारतील, मंग काय इटा दाखवू त्यांना?”

साहेबांनी अर्ज घडी करून टेबलावर ठेवला. “अर्जदार स्वतःच अर्ज खोटा म्हणतो. असा अर्ज मला मंजूर करता येत नाही.” मग घड्याळ पाहिले. “मी हेडमास्तरांकडे चहा घेऊन निघणार आहे. तोवर दुसरा आला, तर वाचीन.”

हेडमास्तर साहेबांना घेऊन गेले. मी बाकावर कागद पसरला. तोपर्यंत माझा एकही अर्ज परत आला नव्हता. मी ‘सेवेशी सविनय’ इतके लिहिले, तेव्हा मिस्त्रींनी कागदावर आपला तेलकट पंजा ठेवला.

“मी सांगतो, तसं लिव्हा. जास्त एक हात मारू नका.”

त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. तो अर्ज असा होता: ‘मी पस्तीस वर्षे इंजिने दुरुस्त केली. माझी गाडी पुढे जाते. मागे न्यायची तर एकदा हाताने ढकलावी लागते, आणि का, ते मी कोणालाही समजावू शकतो. चार कड्या बिघडवल्या, पाचवी बसली. लेथ मिळाला तर मुलांना पहिलीच बसवायला शिकवीन.’ खाली सही. बस्स.

साहेबांनी तो उभ्यानेच वाचला. वाचताना निम्मे वजा करण्यासारखे त्यात काही नव्हते. त्यांनी मिस्त्रींना विचारले, “पाचवी खरंच बसली?”

“पुढं जाताना बसली. मागं येताना अजून केसभर लंगडती.”

“मला तर काही ऐकू आलं नाही.”

“मला आलं,” मिस्त्री म्हणाले. “म्हणून तर म्हणतो, मला ठेवा.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेनाचे टोपण काढले, अर्जाच्या कडेला तीन ओळी लिहिल्या आणि हेडमास्तरांना म्हणाले, “किल्ली यांना द्या.”

दोन आठवड्यांनी मी शाळेत गेलो. लेथ उघडा होता, घासूनपुसून चकचकीत केलेला. मिस्त्री त्यावर वाकले होते. पितळेची पिवळी, नाजूक साल वळ्या घेत हत्याराखालून निघत होती. मी खाकरलो. त्यांनी मान न वळवता एक बोट वर केले. मी, ज्याला शिरस्तेदार स्वतः खुर्ची पुढे करतात, तो दाराशी उभा राहिलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. साल तुटली नाही. शेवटी यंत्र थांबले, त्यांनी कातलेला तुकडा कानाशी नेऊन नखाने टिचकी मारली, ऐकला, आणि मग माझ्याकडे वळले.

“बोला मुन्शीजी. काय काम काढलं?”

“काम काही नाही,” मी म्हणालो. “तुमचं चालू द्या.”

आणि त्यांनी लेथ पुन्हा सुरू केला.